अंधारात पडलेली सावली

"भोंगा वाजला तर नाल्याच्या पलीकडे ऐकू येईन काय?"

प्रश्न माझाच होता, आमची वस्तीच नाल्यापलीकडे आहे. पण ग्रामसभेत उभं राहून विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, शीतल अन् प्रियंकाने लावली होती. शीतल म्हणाली, "चौदा एप्रिलले माइकवर लय गरजली तू. पण तिथं सारे तुझेच काका-मावश्या होते. पंचायतीत बोलून दाखव ना." प्रियंका म्हणाली, "नाई बोलत ही. पाय लटपटतीन."

मग काय, उठली मी. अन् पाय खरंच लटपटले, पण सलवारच्या आत कोणाला दिसते?

त्या आठवड्यात सीमेवर लढाई पेटली होती. टीव्हीवर दिवसभर विमानं अन् नकाशे. आमचं कुसुमखेडी मध्य प्रदेशात, सौंसर अन् रामाकोन्याच्या मधात, संत्र्याच्या वाड्यांमध्ये. इथून सीमा इतकी लांब की गावातल्या निम्म्या लोकांनी नागपूरच्या पुढे काही पाहिलेलं नाही. तरी तहसीलीतून निरोप आला होता की गावोगाव ब्लॅकआउटची तालीम करा. भोंगा वाजला की सगळ्यांनी आपल्या हाताने दिवे विझवायचे, टाकी भरलेली ठेवायची, ट्रॅक्टरवर पाण्याचे ड्रम तयार ठेवायचे. तालमीची वेळ आधी सांगायची नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, फिरून मुनादी करणार, दवंडी देणार होता.

खुर्चीवर सरपंच छायाताई बसल्या होत्या. बाजूच्या खुर्चीवर भैय्याजी, त्यांचे मिस्टर. सही छायाताईंची, बाकी सगळं भैय्याजींचं. लोक भैय्याजींनाच 'सरपंच साहेब' म्हणतात अन् ते ओ देतात.

भैय्याजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोनाची पोट्टी हे? दादारावची? अरे वा रे दादाराव, घरात वकील पैदा केली तुनं!"

सभा हसली.

"भोंगा नाई ऐकू आला तर चिंधू कोटवार येईन ना सांगाले. तू निवांत झोप बाई. दुश्मन काय येडा आहे? तुमच्या झोपड्यांवर टाकून आपला बाँब वाया घालवीन काय तो?"

आता तर सभा लोळायची बाकी होती. शीतल मान खाली घालून बसली. माझे बाबा भिंतीशी उभे होते, हातात पाण्याचा जग घेऊन. बाबा पंचायतीचे नळवाले आहेत. मोटर लावतात, टाकी भरतात, व्हॉल्व फिरवून एकेका मोहल्ल्याला पाणी सोडतात, अन् सभा असली की साहेब लोकांना पाणीही देतात. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पण हसले होते. थोडंसंच, ओठांच्या कोपऱ्यातून, नोकरीपुरतं.

ते हसू मी पदरात बांधून घेतलं. म्हणजे ओढणीत.

*

तालीम सोमवारी झाली, हे आम्हाला तालीम संपल्यावर कळलं.

बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. वस्तीतल्या पोरांनी विहारावर लायटिंग टाकली होती. निळी, पिवळी, लाल, पांढरी, केशरी. पिंपळाच्या झाडावर तर अशा माळा सोडल्या होत्या की अंबाबाई म्हणाली, "झाडाले नवरी करून टाकलं रे पोट्टेहो!" अंबाबाई म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी. वस्तीत तिच्याहून मोठं वय फक्त पिंपळाचं. त्या संध्याकाळी साउंड आला होता, त्याची टेस्टिंग चालू होती, अन् आम्ही पोरी विहारासमोर नाचून राहिलो होतो. आई पण आली होती. बाबा तेवढे गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोटरघरात. टाकी भरून ठेव, तिथून हलू नको, असं भैय्याजींनीच सांगितलं होतं.

भोंगा कोणाला ऐकू आला नाही. कोटवार आला नाही.

मग शीतलचा फोन आला. शीतल नाल्याच्या त्या बाजूला राहते, तिच्या बापाची संत्र्याची वाडी आहे. ती रडून राहिली होती. "सुचिता, तुमच्या वस्तीचा फोटो ग्रुपवर आला."

गावाचा एक ग्रुप आहे, त्यात आमच्या वस्तीतला एकही नंबर नाही. शीतलने फोटो मला पाठवला. सगळा काळोख, अन् मधोमध आमची वस्ती लग्नाच्या मांडवासारखी झगमगून राहिलेली. खाली लिहिलं होतं: 'सारा देश अंधारात, यांची दिवाळी. गद्दार ओळखा.' टाकणारे भैय्याजी.

सकाळपर्यंत तो फोटो बोरगाव, रामाकोना, सौंसर सगळीकडे फिरला. पांढुर्ण्याहून मामाचा फोन आला, "काय करून बसले तुम्ही लोक?" मी किराणा आणायला गेली तर दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, "सरका सरका, सीमेपलीकडचे पाहुणे आले." आई वाडीवर निंदणाला गेली तर मालकीण म्हणाली, दोन-चार दिवस नको येऊ चंद्रकला, लोक नावं ठेवतात. आई पदराला हात पुसत परत आली. हाताला मातीच लागली नव्हती, तरी पुसत होती.

मी चिंधू कोटवाराला गाठलं. नाल्यावर एक बुटका पूल आहे, पावसात त्यावरून पाणी जाते. त्याला आम्ही रपटा म्हणतो. चिंधूकाका तिथंच बिडी ओढत बसले होते.

"काका, काहून नाई आले तुम्ही मुनादी द्याले?"

"आलो होतो ना पोरी. रपट्यापर्यंत आलो होतो."

"अन् मग?"

"मग काय. इथूनच आवाज देला. माहा बाप पन इथूनच देत होता." त्यांनी बिडी विझवली. "पद्धत आहे ते."

त्यांच्या तोंडावर अपराधीपण पण नव्हतं. रपट्यावरून आवाज दिला की वस्तीला सांगितलं असं धरायचं. वस्तीने ऐकलं की नाही, हे कोणी धरतच नव्हतं.

दुपारी भैय्याजींनी बाबांना बोलावलं. बाबा परत आले ते व्हॉल्वची लोखंडी चावी हातात घेऊन. त्यांच्या कमरेएवढी लांब आहे ती. एरवी ती मोटरघरात असते. बाबांनी ती कोपऱ्यात उभी केली अन् तिच्याकडे पाहत बसले.

"गुरुवारी परत तालीम आहे. नायब तहसीलदार मॅडम येऊन राहिल्या सौंसरहून. तालीम झाली की सभेत साऱ्यांसमोर हात जोडाचे. वस्तीच्या वतीनं माफी मागाची. तू पंचायतीचा मानूस, तुले जबाबदारी नाई समजत काय, म्हने. नाई मागितली तर हे चावी जमा, नोकरी गेली."

"पण तुम्हाले तर त्यांनीच मोटरघरात बसवलं होतं!"

"हाव."

"अन् कोटवार तर..."

"हाव ना बाई. हाव."

"मग तुम्ही माफी मागनार?"

बाबा म्हणाले, "माफी मागून तोंड झिजते काय?"

आई चुलीशी बसली होती. तिने भाकर अशी थापली की तवा हलला.

*

माझ्या आईचं माहेर पांढुर्णा. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते, हे साऱ्या दुनियेला माहीत आहे. या काठावरून दगड गेला की त्या काठावरून येतो. मामा म्हणतो आम्ही फक्त पाहायला जातो, पण आई म्हणते पाहता पाहता हात शिवशिवतात. ते शिवशिवणं माझ्यात आईकडूनच आलं असेल. मला बदला पाहिजे होता. लपून घेतलेला, मनातल्या मनात समाधान मानायचा नाही. दिसेल असा पाहिजे होता. साऱ्या गावाने हसावं असा, जसं सारं गाव माझ्यावर हसलं होतं.

पहिला विचार चावीचाच आला. कोपऱ्यात तर उभी होती.

"बाबा, भैय्याजींच्या गल्लीचं पाणी बंद करून टाका. मॅडम आल्या की नळ कोरडा. संडासात पण पाणी नाई! मजा येईन!"

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. त्या दिवसांत मी त्यांना एवढं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

"पान्याले हात लावाचा नाई. आपल्या लोकांनी पान्यासाठी काय भोगलं, ते जयंतीच्या भाषनात सांगते ना तू? मग आपन कोनाचं पानी तोडाचं? पान्याले हात लावाचा नाई, सांगून ठेवतो."

चावीचा विचार मी सोडला, पण राग नाही.

संध्याकाळी विहाराच्या पायरीवर मी अन् प्रियंका बसलो होतो. शीतलही आली होती, घरी मंदिरात जातो सांगून. लायटिंग उतरवून पोत्यात भरली होती. पिंपळ उघडाबोडका दिसत होता. मी तोच फोटो परत परत पाहत होती. जिभेने दुखरी दाढ चाचपतो ना, तशी.

प्रियंका म्हणाली, "किती पाहशीन? घेतला कुठून पण हा?"

"त्यांच्या गच्चीवरून. हा पाहा ना खाली कठडा." मी बोटांनी फोटो मोठा केला. फोटोच्या खालच्या काठाला भैय्याजींच्या गच्चीचा पांढरा कठडा आला होता. अन् त्या कठड्यावर एक काळा आकार होता. ढेरी, खांदे, अन् वर उचललेले दोन हात.

मी आणखी मोठा केला.

"शीतल, हे काय आहे?"

"भैय्याजीच. म्हणजे त्यांची सावली. फोटो काढून राहिले ना."

"सावली," मी म्हटलं. "ब्लॅकआउटमध्ये."

प्रियंकाने तोंडावर हात ठेवला. "सोलर!"

सोलर म्हणजे खांब. मागच्या वर्षी आमच्या वस्तीच्या नावाने सोलरचे खांब आले होते. गाडी रपट्यापर्यंत आली अन् थांबली. रपटा कच्चा आहे, गाडी जाणार नाही, तात्पुरते इकडेच लावू, असं भैय्याजी म्हणाले. तेव्हापासून ते खांब तात्पुरते भैय्याजींच्या घराला अन् वाडीला वेढून उभे आहेत. हे गावातल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे. यात गुपित काही नाही, फक्त कोणी विचारत नाही. अन् सोलरला बटन नसते. अंधार पडला की तो आपोआप लागते, उजाडलं की विझते. भोंगा वाजो की तोफा.

म्हणजे भैय्याजींनी आमच्याच उजेडात उभं राहून आमच्या उजेडाचा फोटो काढला होता. अन् त्यांना ते दिसलंही नव्हतं, कारण घरचा उजेड सवयीचा झाला की उजेड वाटतच नाही.

"टाक!" प्रियंका उडी मारून उठली. "शीतल, आत्ताच टाक ग्रुपवर! सावलीवर लाल गोल कर!"

"नाई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आज टाकला तर परवा ते खांबांवर पोती बांधून ठेवतीन. चूक झाली म्हणतीन, सुटून जातीन. गुरुवारी मॅडम येतात ना? येऊ द्या. पाहू द्या त्यांच्याच डोळ्यांनी."

शीतल माझ्याकडे पाहून म्हणाली, "सुचिता, तू भयानक आहे बे."

इतकं चांगलं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

*

पण बदल्याचं एक कठीण असते. समोरच्याचा दिवा पेटलेला दिसायचा असेल तर आपला आधी विझला पाहिजे. एक झिरो बल्ब जरी वस्तीत राहिला असता तरी भैय्याजींनी बोट दाखवायला तेवढंच धरलं असतं.

म्हणून आम्ही वस्तीची आपली तालीम बसवली. भोंगा ऐकू येत नाही ना? ठीक आहे. भोंगा वाजला की शीतल नाल्यापलीकडून प्रियंकाला रिंग देणार. रिंग आली की प्रियंका अंबाबाईला सांगणार, अंबाबाई थाळी वाजवणार, तिची ऐकून पुढच्या घराने वाजवायची, मग त्याच्या पुढच्या. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे तिथं शेजारच्याने जाऊन बटन बंद करायचं. ज्याच्या घरी लहान लेकरू आहे त्याने आधीच पाणी भरून ठेवायचं. बुधवारी भरदुपारी आम्ही दोनदा करून पाहिलं. पंचायतीने जे आठवडाभरात करायला पाहिजे होतं, ते आम्ही झाकण्या अन् थाळ्या घेऊन अर्ध्या दिवसात केलं. अन् मी खोटं बोलणार नाही, देशासाठी केलं असं काही माझ्या मनात नव्हतं. मला भैय्याजींचं तोंड पाहायचं होतं.

अंबाबाईला पण. "थाळी तर मी फोडूनच टाकतो," ती म्हणाली. "पन मले त्याचं थोबाड पाहाले मिळालं पाहिजे. माह्यासाठी त्याचा फोटो काढजो."

गुरुवारी दुपारी हेमंत आला. हेमंत म्हणजे भैय्याजींचा माणूस, त्यांची गाडी चालवतो. खांद्यावर रिकामी पोती.

"दादारावकाका कुठी आहेत? टाकीवरची मोठी शिडी पाहिजे."

भैय्याजींना आठवलं होतं! संत्रा तोडायची घोडी खांबाच्या निम्म्यालाही पोचत नाही. एवढी उंच शिडी अख्ख्या गावात एकच, पंचायतीची, अन् ती बाबांच्या ताब्यात. लायटिंग उतरवायला पोरांनी ती वस्तीत आणली होती, अन् विहारामागे पडली होती. बाबांना विचारलं तर बाबा देऊन टाकतील. बाबा कोणालाच नाही म्हणत नाहीत.

मी तोंड उघडायच्या आत आई बाहेर आली. "शिडी? ते तर बाप्पा टाकीवरच असन."

"टाकीवर नाई काकू. पाहून आलो."

"मग कोनं नेली काय माहीत," आई म्हणाली, अन् सूप घेऊन आत गेली. मी तिच्या मागे गेली तर ती हळूच म्हणते, "उभी काय राह्यली? पळ ना, अंबाबाईले सांग!"

मी पळाली. मागच्या गल्लीतून विहारामागे पोचली, तर शिडी तिथं नव्हती. मग अंबाबाईच्या अंगणाकडे पाहिलं. दोन खाटा, त्यांच्यावर आडवी काहीतरी लांबलचक, त्यावर तिचं जुनं लुगडं पसरलेलं, अन् लुगड्यावर गव्हाच्या कुरड्यांच्या ओळीच्या ओळी. लुगड्याच्या टोकातून शिडीचे दोन पाय बाहेर आले होते. त्यांवर तिने ओली टोपली उपडी घातली होती.

"तुह्या मायनं अन् मी सकाळीच आनली," अंबाबाई म्हणाली. "तुमी पोट्ट्या समजता डोकं तुमालेच आहे."

हेमंत शोधत शोधत तिथंही आला. बराच वेळ उभा राहिला. एक ओली कुरडई तोंडात टाकली.

"आजी, शिडी पाहिली काय?"

"कुरडईले हात लावला तर जेवनात केस निघतीन तुह्या जन्मभर. चाल निंघ!"

तो गेला. बाबांनी पाण्याला हात लावू नको म्हटलं होतं. शिडीचं काही म्हटलं नव्हतं.

*

मॅडम आल्या तेव्हा उजेड होता. त्यांनी टाकी पाहिली, ट्रॅक्टर पाहिला, अन् म्हणाल्या, "ऊपर से देखेंगे." पंचायत भवनाच्या गच्चीवर दोन खुर्च्या नेल्या. मॅडम, छायाताई, भैय्याजी, चिंधू कोटवार, पाण्याचा जग घेऊन बाबा, अन् बाबांचे ग्लास धरायला म्हणून मी. अर्धं गाव खाली अंगणात जमलं होतं, माफी पाहायला.

दिवस बुडाला. भैय्याजी सारखे मागे वळून भवनाला लागूनच असलेल्या आपल्या घराकडे पाहत होते. एका खांबावर हेमंतने बांबूने पोतं चढवायचा प्रयत्न केला होता. ते अर्धवट लोंबकळत होतं. बाकीचे खांब एकेक करून लागले. पांढरे फट्ट.

"मॅडम," भैय्याजी म्हणाले, "आप उधर बस्ती की तरफ देखिए. असली प्रॉब्लेम उधर है."

भोंगा वाजला.

गावातले दिवे गेले. वस्ती अजून पेटलेली. भैय्याजींनी बोट उचललं, "देखा? देखा मॅडम?" मी मनातल्या मनात म्हटलं, शीतल, रिंग दे. दे ना बे.

मग लांबून, नाल्याच्या पलीकडून, थाळीचा आवाज आला. एक. मग दुसरी. मग किती तरी. अन् त्या आवाजामागे दिवे गेले, गल्लीमागून गल्ली, ओल्या फडक्याने पाटी पुसत यावी तशी. विहार गेला. पिंपळ गेला. शेवटी आमचं घर गेलं. वस्ती कुठं आहे ते पण सांगता येईना.

"वेरी गुड," मॅडम म्हणाल्या. "ये तो..." अन् थांबल्या. कारण त्यांच्या पायांपासून एक लांब सावली निघून समोरच्या भिंतीवर चढली होती. छायाताईंची पण. भैय्याजींची तर ढेरीसकट. साऱ्या गच्चीवर आम्ही सगळे दोन-दोन झालो होतो.

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण आवाज शांत निघाला, वर्गात हजेरी द्यावी तसा.

"भैय्याजी, अंधारात सावली पडते काय?"

खाली कोणीतरी फिसकन हसलं.

मॅडम मागे वळल्या. "ये लाइटें किसकी हैं? बंद करवाइए."

"मॅडम, वो सोलर है. उसमें बटन नहीं रहता."

"किसके नाम से लगी हैं?"

भैय्याजी खाकरले. चिंधू कोटवाराने टोपी काढून परत घातली.

"वस्तीच्या," छायाताई म्हणाल्या.

पंचायतीत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बारीक आहे, पण स्वच्छ आहे.

"तू गप्प बस," भैय्याजी म्हणाले.

"मॅडमनी विचारलं. सरपंच मी आहे ना?" त्या मॅडमकडे वळल्या. "बस्ती के नाम से आए थे. इधर लगे हैं."

मग मी फोन काढला अन् मॅडमला तो फोटो दाखवला. आधी झगमगती वस्ती, मग खालचा मजकूर, मग बोटांनी मोठा करून कठड्यावरची सावली. त्यांनी फोटोतली सावली पाहिली अन् मग भिंतीवरची. तीच ढेरी. अंबाबाईसाठी मी भैय्याजींच्या तोंडाचा एक फोटो काढून घेतला. उजेड भरपूर होता.

तालीम संपल्यावर खाली अंगणात सभा भरली. चिंधूकाकांनी सवयीने पुकारलं, "दादाराव, पुढं या!" बाबा पुढे गेले. त्यांचे हात जोडायला उठतात की काय, म्हणून मी त्यांच्या हातांकडेच पाहत होती. ते उठले नाहीत.

"माह्या वस्तीनं आज दिवे विझवले," बाबा म्हणाले. "सोमवारी कोनी सांगितलं असतं तर सोमवारीही विझवले असते. मले एवढंच सांगाचं आहे." अन् जाऊन भिंतीशी उभे राहिले. हसले नाहीत. ओठांच्या कोपऱ्यातूनही नाही.

मॅडम गाडीत बसता बसता म्हणाल्या, "लिखित शिकायत आए तो जाँच करूँगी. ऑफिस में दीजिए, कल. बिना शिकायत के मैं क्या करूँ?" अन् गाडी धूळ उडवत सौंसरकडे गेली.

*

रपट्यापर्यंत भैय्याजी आमच्या सोबत चालत आले. बाबांच्या खांद्यावर हात टाकून.

"दादाराव, चावी तुहीच. कोनी घेत नाई. अन् विहारापाशी एक खांब उद्याच लावून देतो, चाल. फक्त पोरीले सांग, तो फोटो फोनमधून मिटव. अर्जबिर्ज काई नको. लढाई चालू आहे, अशा टाइमाले गावात फूट पडाले नको. गाव एक राहिलं पाहिजे."

मला काही बोलले नाहीत. मी तिथं नव्हतीच जणू. रपटा आला तसे थांबले, अन् तिथूनच परत फिरले. पद्धत आहे ते.

घरी आईने ताटं वाढली. बाबांनी चावी कोपऱ्यातून उचलून दाराशी ठेवली, सकाळी मोटरघरात न्यायला. जेवता जेवता म्हणाले, "मिटवून टाक बाई तो फोटो. चावी राहिली, खांब येऊन राहिला. इज्जत पन राहिली. अजून काय पाहिजे?"

"एक खांब," मी म्हटलं. "आपल्याच खांबांतला एक. अन् तो पण त्यांनी दिला असं होईन. पौर्णिमेले त्याच्याच खाली उभं राहून भाषण देतीन ते."

"पोरी, त्याच्याशी वैर धरलं तर चावी जाईन."

"चावीची भीती दाखवूनच तर त्यांनी तुम्हाले हसाले लावलं बाबा. त्या सभेत. तो बाँबवाला जोक होता तेव्हा."

बाबांचा घास हातातच राहिला. मी ते बोलायला नको होतं की काय, कोण जाणे. पण ओढणीत बांधलेलं कधीतरी सोडावंच लागते. आईने माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकर टाकली. भांडायला जाणाऱ्याला मामाकडे असंच वाढतात.

मी हात धुतला. पदर नव्हता, ओढणीलाच पुसला. अन् दोघांसमोर उभी राहिली, ग्रामसभेत उभी राहिली होती तशी. या वेळी पाय नाही लटपटले.

"आई, बाबा, आता ऐका. फोटो मी मिटवत नाई. उद्या पहिल्या गाडीनं मी सौंसरले जातो अन् मॅडमच्या ऑफिसात अर्ज देतो. माह्या नावानं देतो, तुमच्या नाई, चावी मागाले ते माह्याकडं येतीन तर येऊ द्या. खांब सगळे पाहिजेत. अन् गद्दार म्हटलं त्याची माफी पाहिजे. भैय्याजींनी रपटा उतरून या बाजूले याचं, चिंधूकाकांना सोबत घेऊन याचं, अन् अंबाबाईच्या अंगणापासून विहारापर्यंत घरोघरी मुनादी देऊन स्वतःच्या तोंडानं माफी मागाची. तोपर्यंत मी थांबत नाई. तुमच्यातून कोनी येत असन तर बसमध्ये जागा धरतो. नसन येत, तरी मी जातो."